चार नंबरच्या पलंगावरचे बारा पिक्चर

मित्रांनो, मी हातात मावणारा एक जुना गेम आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे. इतर वस्तू आपली कहाणी सांगताना माणसांचे फार कौतुक करतात. छत्री करते, शाळेतला फळा करतो, फाटके पुस्तकसुद्धा करते. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला चार वेळा तपासले आणि चार वेळा 'ठीक' ठरवले. जो चार वेळा तपासतो त्याचा आपल्यावर विश्वास नसतो, हे मला त्या वयातच कळले. दोन्ही बाजूंना बटणे आणि मधे पडदा, असे माझे रूप आहे. खेळणाऱ्याला दोन हात लागतात. ही दोन हातांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या प्रेमने मला विकत घेतले. त्याचे घर मलकापूरचे. दोन महिने तो माझ्यावर मोटारी पळवत राहिला, मग कंटाळला, आणि कंटाळलेला माणूस जे करतो ते त्याने केले: आणखी खरेदी. माझ्या कंपनीने त्या वेळी पिक्चरही विकायला काढले होते. बिस्किटाएवढी चकती, प्लॅस्टिकच्या कवचात बसवलेली. ती फक्त माझ्यातच चालायची. टीव्हीत नाही, कॉम्प्युटरमध्ये नाही, शेजाऱ्याच्या घरी तर नाहीच. प्रेमने असे अकरा पिक्चर घेतले, सगळे इंग्रजी. त्यांतला एक त्याने पूर्ण पाहिला आणि दुसऱ्याच्या मध्यावर तो झोपला. पुढे मोठ्या पडद्याचे मोबाईल आले. मी आणि माझे अकरा पिक्चर मलकापूरच्या घरातल्या एका खणात गेलो. तिथे आमच्यासोबत संपलेले सेल, कोणत्याच फोनला न लागणारे चार्जर आणि एक बंद पडलेले घड्याळ होते. ते घड्याळ दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवते म्हणून फार मिरवायचे.

त्या खणात किती वर्षे गेली ते सांगत नाही. वय सांगितले की लोक किंमत पाडतात.

मला बाहेर काढले ते प्रेमच्या मोठ्या बहिणीने, संजीवनीने. ती मलकापुरातच शिक्षिका आहे आणि वडिलांना सांभाळते. वडील म्हणजे अर्जुनराव. यांच्याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण आयुष्यात माझ्याइतका संशयी जीव मला हा एकच भेटला.

अर्जुनराव बत्तीस वर्षे एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की हे पुढे. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मधला मूठभर कापूस काढायचा, कारण वरचा कापूस दाखवायचा असतो. मग त्यातली रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा किती लांब निघतो ते पाहायचे. पाणी मारून वजन वाढवलेला कापूस ते वासावरून ओळखत. विकणारा काय बोलतो ते त्यांनी बत्तीस वर्षांत एकदाही ऐकले नाही. फक्त त्याच्या तोंडाकडे पाहायचे. निवृत्तीनंतरही सदऱ्याच्या खिशात रुईचा एक पुंजका असायचा आणि दोन हात मोकळे झाले की तो ओढला जायचा.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास डायलिसिस. डाव्या हातात दोन जाड सुया, आणि तो हात हलवायचा नाही. आता आठवा ती दोन हातांची गोष्ट. रुई ओढायला दोन हात लागतात, मला खेळायलाही दोन लागतात, आणि अर्जुनरावांकडे आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास एकच हात.

दोन आठवडे त्यांनी सोसले आणि मग जाहीर केले.

"मी आता नाही येत. मशीनची भीती नाही मले. चार तास छत पाह्याची भीती आहे."

लागोपाठ दोन पाळ्या त्यांनी चुकवल्या. तिसऱ्या दिवशी छातीत पाणी भरले, श्वास लागेना, आणि चार दिवस दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी संजीवनीला बाजूला नेऊन सांगितले की हे वाचले ते नशीब, पुन्हा असे झाले तर मी शब्द देत नाही. त्या दिवसापासून संजीवनीला एकच चिंता. पुढच्या वेळी बाबा येतील का? सोमवारी आले तर बुधवारी येतील का?

तुम्ही म्हणाल, मग मोबाईल का नाही दिला? दिला होता. अर्जुनरावांनी तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला. त्यांच्या मते त्यातून बँकेतले पैसे जातात आणि वर जो तो फोन करून तब्येत विचारतो. डायलिसिसच्या हॉलमध्ये टीव्ही होता. त्याचा रिमोट हरवला होता, त्यामुळे दिवसभर विमा विकणारा एकच माणूस हसत असायचा.

एका संध्याकाळी संजीवनी खण उपसत होती. मी हाताला लागलो. तिने मला चार्जिंगला लावले, चकती घातली, आणि मी सुरू झालो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण मलाही जरा बरे वाटले.

अर्जुनरावांनी मला तळहातावर तोलले. हुंगले. उलटे करून पाहिले.

"ह्यात सिम कुठी आहे?"

"सिम नाही, बाबा."

"म्हणजे हा कोणाले काही सांगू शकत नाही?"

"नाही."

"मंग चालते."

माझ्या आयुष्यातली ही पहिली प्रशंसा. तोवर लोक माझ्यात काय काय आहे ते पाहत. यांनी काय नाही ते पाहिले.

आठवड्याने दसरा होता. संजीवनीने घरातली स्कूटर, विळी, शिलाई मशीन आणि मला एका रांगेत मांडले. कामाच्या वस्तूंची पूजा व्हावी हे योग्यच. पण तिने मनापासून वाहिलेले हळदकुंकू इअरफोनच्या भोकात गेले. तेव्हापासून मी एकाच कानात बोलतो. इतक्या भक्तीने मला आजवर कोणी बिघडवले नव्हते.

असा मी चार नंबरच्या पलंगावर रुजू झालो. पलंगावरच्या टेबलावर अर्जुनरावांचा जेवणाचा डबा, डब्याला टेकून मी, आणि माझी वायर पलंगामागच्या बोर्डात. तिथला तंत्रज्ञ धम्मरत्न हा तिशीतला, कमी बोलणारा माणूस. त्याने पहिल्याच दिवशी मला पाहून विचारले, "काका, इंग्रजी समजते का?"

"बाजारात मराठी समजत होती म्हणून काय फायदा झाला? तोंड पाह्यलं की कळते."

आणि खरोखर कळायचे. अर्जुनराव पिक्चर पाहत नसत, ग्रेड करत. "सुरुवात लांब धाग्याची आहे. मधी ओल आहे. ह्या बाईनं वरून चांगला माल लावला, आत कवडी, किडका कापूस, निघते पाहा." अर्ध्या तासाने ती बाई खुनी निघायची. एका पिक्चरचा दुसरा भागही प्रेमने घेतला होता. तो दहा मिनिटे पाहून अर्जुनराव म्हणाले, "ही फरदड आहे." वेचणी संपलेल्या त्याच झाडांना पुन्हा पाणी देऊन जो शेवटचा हलका कापूस ओढून काढतात, ती फरदड. पिक्चरच्या धंद्याविषयी इतके नेमके बोललेले मी दुसऱ्या कोणाकडून ऐकले नाही.

मात्र पहिल्याच दिवशी एक संशयास्पद गोष्ट घडली. माझी बॅटरी दीड तास टिकते. पिक्चर दोन तासांचा. वायर बोर्डात होती, म्हणजे काळजीचे कारण नव्हते. तरी दीड तासाने, नेमका दाढीवाला माणूस तळघराचे दार उघडत असताना, मी विझलो.

"अबे! काय झालं ह्याले?"

"जुना आहे, काका," धम्मरत्न म्हणाला. "दमला असेल. परवा पाहू."

उरलेला वेळ अर्जुनराव तळघरात काय असेल ते ताडत राहिले. परवा ते वेळेआधी दहा मिनिटे हजर. तळघरात काय होते ते पाहिले, कपाळावर आठी आणून "एवढंच?" म्हणाले आणि लगेच दुसरी चकती घालायला लावली. तो दुसरा पिक्चरही ऐन भरात आल्यावर मी विझलो.

मी स्वतःवर संशय घेतला. मग वायरवर, मग प्रेमच्या चार्जरवर. मग वाटले, कंपनीने पिक्चर विकतानाच असे काही करून ठेवले असेल. तिच्याविषयी मी काहीही मानायला तयार आहे. संजीवनी विचारायची, "बाबा, वायर तर लावलेली असते ना?" अर्जुनराव तिच्याकडे न पाहता म्हणायचे, "वायर लावली म्हणजे वीज आली असं कोणं सांगतलं तुले?"

उलगडा तिसऱ्या वेळी झाला. मित्रांनो, माझा पडदा चालू असला की तुम्हाला पिक्चर दिसतो. तो विझला की काळ्या काचेत तुम्ही स्वतः दिसता, आणि तुमच्या मागचेही सगळे दिसते. त्या दिवशी मी विझलो आणि माझ्यात अर्जुनरावांचे तोंड उमटले. त्यांच्या खांद्यामागे बोर्ड दिसत होता. बोर्डापाशी धम्मरत्न होता. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि माझ्या वायरचे बटण हळूच चालू केले. म्हणजे इतका वेळ ते बंद होते.

वा! म्हणजे मला रोज उपाशी ठेवणारा हा. मी त्याला लुच्चा ठरवले, विजेची बचत करून दवाखान्यात नाव कमावणारा ठरवले. पण हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. अर्जुनरावांची एकही पाळी चुकेना. दर वेळी एक पिक्चर अर्धा राहायचा आणि त्या अर्ध्यासाठी हा माणूस पुन्हा यायचा. संजीवनीच्या डोळ्यांखालचे काळे जरा फिके झाले. मी धम्मरत्नवरचा संशय मागे घेतला नाही, फक्त त्या संशयाचा प्रकार बदलला.

पण अकरा पिक्चर ते किती पुरणार? पाच आठवड्यांनी अकरावा संपत आला. पाहिलेला माल अर्जुनराव पुन्हा पाहत नव्हते. संजीवनीने प्रेमला फोन लावला.

"ताई, त्याच्यावर आता कोणी पिक्चर विकत घेते का? त्या पैशात मोबाईलवर हजार पिक्चर दिसतात."

"बाबांना हजार नकोत. एक पाहिजे."

"फसवतील तुला."

"फसवू देत. सोमवारी बाबा आले पाहिजेत."

जुन्या वस्तू विकणाऱ्या कोणाकडून तरी तिने इंटरनेटवर बारावा पिक्चर मागवला. तो आला. वेष्टण नवे, वर जहाजाचे चित्र. मला ते वेष्टण पाहूनच शंका आली होती. इतक्या जुन्या वस्तूने इतके नवे दिसू नये.

बुधवारी अकरावा संपला. शुक्रवारी सुया लागल्या, मी डब्याला टेकलो, बारावी चकती आत गेली. जरा घरघर झाली आणि माझ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. धम्मरत्नने वाकून वाचल्या.

"काका, हा पिक्चर दुसऱ्या देशासाठी काढलेला आहे. आपल्या भागातल्या यंत्रात चालत नाही म्हणते."

"पिक्चरले शिवार असते का बे?"

असते, मित्रांनो. माझ्या कंपनीने सगळ्या पृथ्वीचे तुकडे पाडून प्रत्येकाला नंबर दिला होता. एका नंबरात विकत घेतलेला पिक्चर दुसऱ्या नंबरात उघडत नाही. लाज वाटावी असे ते वाक्य, आणि ते माझ्याच तोंडून निघाले.

अर्जुनरावांनी चकती बाहेर काढायला लावली, उजव्या हातात धरली आणि हुंगली.

"पाणी मारलेला माल. पोरगी फसली माही." मग चकती टेबलावर ठेवून ते शांतपणे म्हणाले, "सुया काढ."

"काका, अजून साडेतीन तास आहेत."

"ते तू पाह्य छतात. मी नाही पाहत. अन् सोमवारपासून मी येत पण नाही. संजीवनीले मी सांगतो."

धम्मरत्न हलला नाही. त्याच्याजवळ बंद करायला कोणतेच बटण उरले नव्हते. मी बॅटरी भरलेली असून काळा होतो, आणि माझ्या काचेत त्या दोघांची तोंडे दिसत होती. त्यांतले कोणते जास्त घाबरलेले होते ते मी सांगू शकलो नसतो.

तेवढ्यात शेजारच्या पलंगावरून आवाज आला.

"छत मी दोन वर्सांपासून पाहून राह्यली. काही होत नाही त्याच्यात."

या अन्नपूर्णाबाई. नांदुऱ्याकडे मेथी-कोथिंबीर लावतात. पाच आठवडे त्या तीन नंबरच्या पलंगावर मुकाट पडून असायच्या. मला वाटायचे, झोपतात.

"ते जाऊ द्या, भाऊ," त्या पुढे म्हणाल्या. "त्या बर्फातल्या ट्रकवाल्याचं काय झालं तेवढं सांगा. बुधवारी माह्यं बीपी पडलं, मले शेवट नाही दिसला."

"तुमी पाहत होत्या?"

"मंग काय करू? अकराच्या अकरा पाह्यले. आवाज तुमच्या कानात, चित्र मले तिरपं. तो दाढीवाला चोर आहे का पोलीस, हे मले आजूक नाही समजलं."

"कोणता दाढीवाला? पह्यल्या पिक्चरमधला?"

"तो निराळा होता का? मले वाटलं, सगळा एकच पिक्चर आहे."

अर्जुनरावांनी मान तीन नंबरकडे वळवली. बत्तीस वर्षे लोकांनी त्यांच्यापुढे माल आणला होता. त्यांच्याकडे कोणी माल मागितला नव्हता.

"ट्रकवाल्याचं सांगतो," शेवटी ते म्हणाले. "पण सुरुवातीपासून सांगा लागीन. मधून घेतलं तं धागा तुटते."

आणि त्यांनी सुरुवात केली. मी ऐकत होतो आणि मला घाम फुटायची सोय असती तर फुटला असता. तो पिक्चर माझ्यातच चालला होता, त्यामुळे मला माहीत आहे: त्या ट्रकमध्ये कापसाच्या गाठी नव्हत्या. ट्रकवाल्याचे नाव किसनराव नव्हते. तो बर्फाळ डोंगर राजूर घाटासारखा मुळीच दिसत नव्हता आणि त्यात कोणीही थांबून चहा प्यायले नव्हते. अन्नपूर्णाबाई मधूनमधून हटकायच्या. "बायको कशी सोडून गेला तो?" "सोडून नाही गेला. माल पोचवाचा होता." "सगळे असंच म्हणते." दोन नंबरचा पेशंट मान वळवून ऐकू लागला. पाच नंबरवाल्याने टीव्हीतल्या हसऱ्या माणसाचा आवाज बंद करा म्हणून सांगितले. रिमोट नव्हता, तेव्हा धम्मरत्नने टीव्हीचा प्लगच काढला. प्लग-बटणांच्या बाबतीत त्याचा हात बसलेला होता.

साडेतीन तास कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. गाठींनी भरलेला ट्रक घाट उतरत होता. ब्रेक गेले होते. मागून जीप येत होती.

"अन् तेवढ्यात किसनरावानं आरशात पाह्यलं, तं जीपमधी..."

अर्जुनरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि तोंड मिटले.

"जीपमधी कोण?" अन्नपूर्णाबाई अर्ध्या उठल्या.

"बाकीचं सोमवारी."

"अहो भाऊ! हे काय वागणं झालं? मी तिकून नांदुऱ्याहून येतो!"

"मंग या. मी पण येतो."

धम्मरत्न सुया काढायला आला. रक्त थांबेपर्यंत अर्जुनराव कापसाचा बोळा दाबून बसले. बोळ्याकडे पाहत म्हणाले, "आखूड धाग्याची आहे तुमची रुई." मग तसेच खाली पाहत म्हणाले, "बटण तू बंद करत होता ना बे?"

धम्मरत्नचा हात थांबला. "तुम्हाला कधी समजलं, काका?"

"पह्यल्या दिवशीच. पडदा काळा झाला की मागचं सगळं दिसते. पाणी मारलेला कापूस मी दुरून ओळखत होतो, अन् माह्या पाठीमागं तू काय करतं ते मले नाही समजणार?"

"मग बोलले काऊन नाही?"

"बोललो असतो तं तू चालू ठेवलं असतं."

मित्रांनो, या जगात मला फसवणारे पुष्कळ भेटले, पण एकाने फसवायचे आणि दुसऱ्याने ओळखून फसून घ्यायचे, असे पाच आठवडे मला मधे धरून चाललेले हे एवढे एकच प्रकरण. त्यात उपाशी राहिलो तो मी.

सोमवारी अर्जुनराव आले. पिक्चर नव्हता तरी त्यांनी मला डब्याला टेकवून ठेवायला लावले. म्हणाले, समोर काळा पडदा असला की सांगायला बरे पडते. जीपमध्ये कोण होते ते त्या दिवशी सांगितले गेले आणि लगेच किसनरावांच्या मेहुण्याचे प्रकरण निघाले, जे कोणत्याच पिक्चरमध्ये नव्हते. तेही अर्धे राहिले. संजीवनीने बारावी चकती परत पाठवायचे ठरवले, तर विकणाऱ्याचा फोन लागत नाही. मला आश्चर्य वाटले नाही.

हल्ली माझी बॅटरी फुगली आहे. पाठीचे झाकण नीट बसत नाही. तेव्हा जाता जाता, मित्रांनो, माझी एक विनंती. तुमच्या घरच्या खणात माझ्यासारखा कोणी पडला असेल तर त्याची फुगलेली बॅटरी टोचू नका, उन्हात ठेवू नका, माहीतगाराकडून काढून घ्या. त्याच्या भोकात कुंकू घालू नका. आणि हातातल्या गेमसाठी पिक्चर विकत घेणे परवडते का, असे कोणी विचारले तर स्पष्ट सांगा: परवडत नाही. कंपनी पलटते, चकती अडते, बॅटरी मरते, शिवार आडवे येते. अकरा पिक्चरांत एकही घेण्यासारखा नव्हता.

हे मी शुक्रवारी सांगत आहे. हल्ली माझा मुक्काम दवाखान्यातच, चार नंबरच्या टेबलावर असतो. आता साडेअकरा वाजले आहेत, पाळी बाराची. माझ्या काळ्या पडद्यात दार दिसते. अन्नपूर्णाबाई केव्हाच पलंगावर येऊन बसल्या आहेत आणि त्या दाराकडेच पाहत आहेत. धम्मरत्नही पाहतो आहे, पाहत नसल्यासारखे करून.

दार ढकलले गेले. आधी डबा दिसला.